खुंटी वरच्या कोपऱ्यात

प्रिय धाकटे,

दुकान ठीक चाललं आहे. बाबांची कात्री अजून मीच वापरते. सध्या एक वही करते आहे, नव्या शिवणाऱ्या बायकांसाठी. झेंड्याच्या कामातले शब्द आणि पुढे त्यांचे अर्थ. दांडीकडची कड. मोकळी कड. दोरीची पट्टी. खुंटी, म्हणजे पट्टीच्या वरच्या टोकाला शिवायचा लाकडी तुकडा. मोकळी कड आधी फाटते, वारा तिलाच झोडपतो. बाबा म्हणायचे, थोरली दांडीकडची, धाकटी मोकळी. आपण हसायचो.

गेल्या वर्षी तू एक झेंडा पाठवला होतास. तुझ्या नवऱ्याच्या बंदरावरच्या कचेरीसाठी शिवलेला. सोबत चिठ्ठी, तपासून दे, एवढीच. खुंटी खालच्या कोपऱ्यात होती. तसाच चढवला असता तर उलटा फडकला असता. मी ती उसवून वर शिवली आणि लिहिलं, सासरी जाऊन हात विसरलीस वाटतं, बाबा असते तर बोटं मोडली असती. स्वतःच्या विनोदावर मी खूश होते.

तुझं उत्तर आलं नाही. रुसली असशील म्हणून मीही लिहिलं नाही. अकरा महिने.

काल वहीत ‘उलटा’ हा शब्द लिहिला आणि पुढे हात चालेना. लहानपणी बाबांचा पारा चढला की तू माडीच्या खिडकीत रुमालाएवढा झेंडा उलटा लावायचीस. मी धावत जिना चढायचे. बोटींचे झेंडे शिवताना बाबांनीच सांगितलं होतं, “उलटा झेंडा दिसला तर चूक काढत बसू नका. आधी धावा.” मी चूक काढली. त्या खुंटीचे टाके किती सुबक होते, गं. मोजून घातल्यासारखे. तेव्हाच कळायला हवं होतं.

तुझी पत्रं आधी तुझा नवरा वाचतो, हे तू एकदा हसत सांगितलं होतंस. मीही हसले होते. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. त्याच्या कचेरीने नवा झेंडा मागवला आहे, त्या झेंड्याच्या पट्टीत हे शिवते आहे. खुंटी लावायची ठेवली आहे, म्हणजे ती शिवायला झेंडा तुझ्याच हातात येईल. पट्टीवरचे चार टाके मुद्दाम वाकडे घातले आहेत. तुला राहवणार नाही, तू उसवशील. गुरुवारी दुपारी मी येते आहे. खिडकीत काही लावू नकोस. काही दिसलं नाही तरी मी जिना चढेन.

उशीर केलेली, तरी तुझीच,
ताई