संसाराची पाटी

॥ श्री ॥

जबलपूर, ८ जानेवारी १९६१

ती. शैलजाआत्यास,
विभावरीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. आता खरी बातमी. राइट टाउनमधल्या आपल्या मराठी मंडळाचे वाचनालय मला सांभाळायला मिळाले आहे! पण तूर्त पाडव्यापर्यंतच. तोवर वाचक वाढले तर मी कायम, नाहीतर मराठीची दोन्ही कपाटे कुलूपबंद होऊन त्या खोलीत कॅरम येणार. अध्यक्ष भय्यासाहेबांनी बाबांना तोंडावर सांगितले की हिंदी शाळेत शिकलेल्या मुलीकडून त्यांना फारशी आशा नाही. बाबांनी अधारतालच्या घरापर्यंत मला सायकलवर मागे बसवून आणले आणि वाटेत एकदाच म्हणाले, की काहून नाही जमणार.

आत्या, तुझ्याइतके वाचलेले आपल्या घरात कोणी नाही. मला यादी पाठव. घरच्या माणसांना काय द्यावे, नोकरी करणाऱ्याने काय वाचावे, आणि मुख्य म्हणजे संसाराची पुस्तके कोणती. संसाराबद्दल मला काहीच कळत नाही आणि कळून घ्यायची फार घाई झाली आहे.

तुझ्या यादीची आणि मायेची वाट पाहणारी,
विभा

अमरावती, १४ जानेवारी १९६१

चि. विभावरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तिळगूळ सोबतच्या पुडीत आहे. तो घे आणि खरे बोल. संसाराची इतकी घाई? कोण आहे तो? तुझ्या बाबांना, रत्नाकरला, ठाऊक आहे का? तुझे काका पत्र ऐकून खुर्चीतून उठलेच, आणि मुलगा फॅक्टरीतला की रेल्वेतला हे विचारायला त्यांनी मला तीनदा सांगितले.

आता यादी. रत्नाकरला यंत्रांवरचे मराठी पुस्तक दे. वीस वर्षे लेथ चालवणारा माणूस पानोपानी चुका काढील, आणि चुका काढता काढता शेवटपर्यंत वाचील. तुझ्या आईला, इंदिराला, लहान गोष्टी दे, भात होईपर्यंत संपतील अशा. कादंबरी दिलीस तर तुम्हांला करपलेला भात खावा लागेल. नोकरदारांना थोरांची चरित्रे देऊ नकोस, ती त्यांना सगळेच देतात. दिवसभर साहेबाचे ऐकून आलेल्या माणसाला विनोदी पुस्तक लागते.

आणि तुझ्या संसारासाठी स्वयंपाकाचे, बाळाच्या संगोपनाचे, घरगुती औषधांचे आणि विणकामाचे अशी चार पुस्तके पार्सलने पाठवते. पोचल्याचे कळव, आणि त्यासोबत नावही कळव.

लोभ आहेच, पण गुपित ठेवलेस तर कमी करीन.
तुझी आत्या

जबलपूर, २० फेब्रुवारी १९६१

ती. आत्यास सा. न. वि. वि.

महिना झाला, तुला उत्तर लिहायला तोंड नव्हते. अगं, मुलगा वगैरे कोणी नाही. हिंदीत संसार म्हणजे जग! मला जगाची पुस्तके हवी होती. तुझे पार्सल उघडून आई हसायला लागली, तेव्हा मला कळले की मराठीत मी काय मागून बसले.

पण त्याआधीच नथ्थू पेंटरने पाटी रंगवून दिली होती. मोठ्या लाल अक्षरांत 'संसारासाठी वाचा'. तिच्याखाली मी मांडली होती समुद्रावरच्या सफरींची, वाळवंटाची, बर्फाळ देशांची पुस्तके. पाटी वाचून बेबीताई आल्या. त्या आमच्या शेजारच्या, घरात चार मुली. त्यांना लोणच्यांचे पुस्तक हवे असणार. तुझे स्वयंपाकाचे पुस्तक तेव्हा आलेले नव्हते, म्हणून मी घाबरत घाबरत बर्फाच्या देशाचे दिले. त्या तोंड वाकडे करून घेऊन गेल्या. चौथ्या दिवशी परत आल्या आणि दुसरे मागू लागल्या. बर्फात राहणाऱ्या बायका चरबीचा दिवा लावून त्यावर कसा स्वयंपाक करतात, हे त्यांनी रथसप्तमीपर्यंत प्रत्येक हळदीकुंकवात सांगितले म्हणे. तेव्हापासून बायका येऊनच राहिल्या आहेत.

आता पाटी भय्यासाहेबांच्या नजरेस पडली आहे. मराठी वाचनालयात चुकीचे मराठी टांगलेले त्यांना चालणार नाही. पाडव्याच्या सभेत माझा निकाल लागेल. गुपचूप पाटी उतरवून ठेवू का? रोज स्टूल घेते आणि परत ठेवते.

रागावू नकोस, लोभ कर.
तुझी विभा

अमरावती, २७ फेब्रुवारी १९६१

चि. विभावरीस अनेक आशीर्वाद.

मी इतकी हसले की काकांनी पाणी आणून दिले. मुलगा नाही हे ऐकून ते मात्र जरा हिरमुसले आहेत.

गुपचूप काही करू नकोस. पाटी उतरवायची तर सभेत सांगून उतरव.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. जबलपूर सोडून या घरात आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि घरात चौदा माणसे होती. ट्रंकेत तळाशी शाळेतले नकाशांचे पुस्तक आणले होते. दुपारी भांडी घासून झाली की ते उघडायचे आणि अमरावतीवरून बोट जबलपूरला न्यायचे. कधी पुढे समुद्रापर्यंत जायचे, मग परत येऊन चहा टाकायचा. स्वयंपाकाची पुस्तके मला पुष्कळांनी दिली, पण माझा संसार निभावला तो त्या नकाशांवर. म्हणजे तुझी चूक मी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच केली होती, फक्त पाटी लावली नव्हती.

ते पुस्तक पाठवते आहे. तुझ्या पाटीखाली ठेव. जुने आहे, त्यात जबलपूर आणि अमरावती एकाच प्रांतात आहेत, एकाच पिवळ्या रंगात. राज्ये वेगळी झाली तेव्हा मी फार रडले होते, तेही कोणाला ठाऊक नाही.

पोरी, मला तुझा अभिमान वाटतो. निकाल काहीही लागो, तो तसाच राहील.
तुझी आत्या

जबलपूर, १९ मार्च १९६१

ती. शैलाताईस,
रत्नाकरचा सा. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. पण हे विभाला लिहू देणार नव्हतो. स्वतःचे कौतुक ती गाळून टाकील.

परवा सभा झाली. भय्यासाहेब पाटीवर बरेच बोलले. मग आपली विभा उठली. तिने चूक कशी झाली ते सगळ्यांसमोर सांगितले, तेही मराठीतून, दोनतीनदा अडखळून. पाटी आपल्या हाताने उतरवते असेही म्हणाली. त्यावर बेबीताई उभ्या राहिल्या आणि पाटीला हात लावायचा नाही म्हणाल्या. आम्ही संसाराची पुस्तके न्यायला आलो आणि तीच घेऊन गेलो, आता घरात चारही मुली जेवताना भांडत नाहीत, देशांची नावे सांगून राहिल्या आहेत, तर मग पाटी चूक कशी, असे त्यांनी विचारले.

भय्यासाहेबांनी वाचकांची वही मागवली. पूर्वी महिन्याला नऊ पुस्तके जायची, गेल्या महिन्यात एकाहत्तर गेली. वाचता वाचता ते थांबले. सौ. अंजनी हे त्यांच्याच घरातले नाव तीनदा आले होते. सभा हसली, आणि बऱ्याच वेळाने तेही हसले. विभा कायम झाली. पाटीही कायम झाली.

मला दोन शब्द बोलायला सांगितले होते. उठलो, भिंतीवरची पाटी जरा सरळ केली आणि बसलो.

तुझे नकाशांचे पुस्तक काल पोचले. विभाने वहीत त्या पुस्तकापुढे पहिले नाव माझे घातले. आज सकाळी इंदिरा, विभा आणि मी, तिघांनी ते उघडून अमरावतीपर्यंत बोट फिरवले. भात करपला. विभा म्हणाली की बाबा, हा नकाशा आता चूक आहे, खाली तसे लिहावे लागेल.

मी म्हटले, तुझी पाटीही चूकच आहे. ती राहिली ना? मग हाही राहू दे.

लोभ आहे, तोही असाच राहू दे.
तुझा धाकटा,
रत्नाकर