पाण्याच्या टाकीखालचे सरदार

डब्लिन,
शनिवार, १३ मार्च २०२१

सकाळी ऊन, मग पाऊस, मग परत ऊन. नाश्त्याला उपमा. दुपारी भार्गवीने कपाट आवरलं, मी वाटाणे सोलले. बाकी विशेष नाही.

चि. सौ. शुभदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझी आणि गिरीशरावांची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. ठीक नसती तर तू भार्गवीला कळवलं असतंस आणि तिने ते माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला असता, जो तिला जमत नाही. गिरीशरावांनी लस घेतली का? (इथे माझा नंबर यायचा आहे. गुडघा बरा आहे, जिन्यावर तेवढा बोलतो.) फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवरचं माझं बोलणं तुला पाठ आहे: ‘हं’, ‘बरं’ आणि ‘भार्गवीला देतो’. पत्रात मध्ये कोणी बोलत नाही, त्यामुळे मला सुचतं. कागदावर लिहून सानिकाकडून त्याचा फोटो काढून घेईन आणि तुला व्हॉट्सॲप करीन. नातीला देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे मजकूर सुरक्षित आहे.

तुझी ताई गेल्यावर भार्गवी म्हणाली होती, बाबा, तीन महिने इकडे या, तेवढाच बदल. मी मागच्या वर्षी फेब्रुवारीत आलो, मार्चमध्ये सगळं जग बंद झालं आणि तेव्हापासून तोच बदल चालू आहे. घर बॉल्सब्रिजजवळ, लहानसं. एका खोलीत भार्गवीचं ऑफिस, दुसऱ्या खोलीत जावई सारंगचं. उरलं स्वयंपाकघर, तिथे सानिकाची शाळा आणि मी. मला सूचना एकच, की कॅमेऱ्यात यायचं नाही आणि आवाज करायचा नाही. ‘बाबा, तुम्ही जरा म्यूटवर राहा,’ असं सारंग पहिल्या दिवशी म्हणाला, तर आमची भार्गवी म्हणते, ‘अरे, ते जन्मापासून म्यूटवर आहेत.’ (इथली भाषाही जरा वेगळी आहे. सानिकाने एकदा हळूच सांगितलं की मीठ प्रेसमध्ये आहे. मी बराच वेळ इस्त्रीच्या आसपास शोधलं. इथे प्रेस म्हणजे कपाट.)

आता मूळ विषय. सानिकाच्या शाळेत एक इंटरनॅशनल सेक्शन आहे. त्यात निम्मी मुलं फ्रेंच, निम्मी इथली. इतिहास आणि भूगोल फ्रेंचमधून, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. म्हणजे ही मुलगी घरी मराठी ऐकते, इंग्रजीत उत्तर देते आणि नद्यांची नावं फ्रेंचमध्ये पाठ करते. वर्षभर समोर बसून मलाही थोडं फ्रेंच कळायला लागलं आहे. भाषा चांगली आहे, पण कारभार आमच्या पाटबंधारे खात्यासारखा आहे. एका शब्दात आठ अक्षरं लिहितात आणि तीन उच्चारतात. उरलेली पाच हजेरीपटावर असतात, पण काम करताना कोणी पाहिलेली नाहीत.

तर जानेवारीत शाळेने कळवलं की सानिका लिहिते उत्तम, पण वर्गात तोंड उघडत नाही. मार्चमध्ये तोंडी परीक्षा होती. ‘माझ्या घरातलं एक माणूस आणि त्याची भाषा’ या विषयावर दोन भागांत फ्रेंचमध्ये बोलायचं. नाही बोलली, तर पुढच्या वर्षी सेक्शनमधून साध्या वर्गात. साधा वर्गही काही वाईट नाही, पण सानिकाची एकुलती एक मैत्रीण सेक्शनमध्ये आहे, आणि ते कळवल्यापासून पोरगी जेवणातला भात इकडचा तिकडे करत बसायची. ‘कोणावर गेली आहे काय माहीत,’ असं सारंग म्हणाला. भार्गवीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी वाटाणे सोलत होतो.

उपाय आपोआप निघाला. सध्या घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी आहे, त्यात समुद्र बसतो. संध्याकाळी आम्ही दोघं तिकडे जातो. एक दिवस सानिका चालता चालता फ्रेंचमध्ये बोलायला लागली. चुकलं तर मला कळणार नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. वाक्य संपलं असं वाटलं की मी ‘हं’ म्हणायचो. (फ्रेंच माणसंही साधारण असाच आवाज काढतात, म्हणजे माझं अर्धं फ्रेंच आधीपासूनच तयार होतं.) भरतीला सुरू झालेली पोरगी ओहोटीपर्यंत थांबेना. आमच्या मागून चालणाऱ्या एका बाईंना वाटलं असणार की टोपीवाले म्हातारे फ्रेंचचे प्राध्यापक आहेत.

मग फेब्रुवारीत वर्गात ‘त्यू’ आणि ‘वू’ आलं. त्यू म्हणजे तू आणि वू म्हणजे तुम्ही. इथल्या मुलांना ते कळेना, कारण इंग्रजीत राजा आणि शिपाई दोघेही यू. (आपली सानिकाही त्याच वळणाची. सत्यनारायणाच्या पूजेला ऑनलाइन आलेल्या गुरुजींना ती म्हणाली होती, ‘तू म्यूटवर आहेस.’ गुरुजी समजूतदार, त्यांनी अनम्यूट केलं.) शिकवणाऱ्या मादाम तिसऱ्यांदा समजावत होत्या, तेव्हा सानिकाने पहिल्यांदा हात वर केला आणि सांगितलं की आमच्या घरी हे होतं, माझी आजी आजोबांना वू म्हणायची आणि आजोबा तिला त्यू. मादाम खुर्चीत पुढे सरकल्या. विषय तिथेच ठरला, आणि माणूसही. माझी परवानगी कोणी विचारली नाही.

काल परीक्षा झाली. मी नियमाप्रमाणे कॅमेऱ्याच्या बाहेर, वरती शर्ट, खाली पायजमा, डोक्यावर माकडटोपी. सानिकाने सुरुवात केली आणि थांबलीच नाही. फ्रेंचमध्ये तिने सांगितलं (मला नंतर उलगडून सांगितलं) की आजीने जन्मात कधी आजोबांना नावाने हाक मारली नाही. ती ‘अहो’ म्हणायची. अहोला अर्थ नसतो, सूर असतो. ताणून म्हटलं तर गॅस संपला, आखूड म्हटलं तर पाहुणे आले, आणि दोनदा म्हटलं तर आजोबा काहीतरी विसरले. (हे मीच तिला समुद्रावर सांगितलं होतं. इतकं बारीक लक्षात ठेवील असं वाटलं नव्हतं.) नाव घ्यायचं झालं तर ते फक्त सणासमारंभाला, आणि तेही कवितेत. मग तिने तुझ्या ताईचा उखाणा म्हटला. तुला आठवत असेल, बाळूच्या मुंजीत घेतला होता:

धरणाला असतो सांडवा, कालव्याला असतं दार,
पद्माकररावांचं नाव घेते, बोलत नाहीत फार.

मराठीत म्हटला, मग फ्रेंचमध्ये समजावला. तिकडे मादामच्या भुवया कपाळाच्या वर गेल्या. त्यांच्या देशात नवराबायकोत वू म्हणायची पद्धत आता फार जुन्या, सरदार घराण्यांतच उरली आहे म्हणे, आणि त्यात बायको नवऱ्याचं नाव काव्यातच घेते, हे ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यांनी विचारलं, आजोबा काय करत असत? सानिका म्हणाली, पुष्कळ गावांना पाणी देत असत; दरवाजा उघडायचा की नाही ते आजोबा ठरवायचे आणि शेतकरी हात जोडून उभे असायचे. (शाखा अभियंत्याचं याहून भव्य वर्णन मी ऐकलेलं नाही. वरून आदेश यायचा, मी चावी शोधायचो.) मग मादामने विचारलं, राहत कुठे असत? आता आपलं क्वार्टर पाण्याच्या टाकीखाली होतं, आणि पाण्याच्या टाकीला फ्रेंचमध्ये ‘शातो दो’ म्हणतात, शब्दशः पाण्याचा किल्ला. सानिका ‘शातो’पर्यंत आली आणि इंटरनेट अडकलं. ‘दो’ इकडेच राहिलं. तिकडे पोचला तो नुसता किल्ला.

नेट परत आलं तेव्हा मादाम मुलांना सांगत होत्या की ही हाक आपण सगळ्यांनी म्हणून बघू या. फ्रेंच लोकांना ह म्हणता येत नाही. तो लिहितात आणि सोडून देतात. त्यामुळे पडद्यावरची सगळी मुलं एका सुरात ओरडायला लागली, ‘आओ, आओ.’ माझे कान तुला माहीत आहेत. मला वाटलं हिंदीत बोलावताहेत, कुठेतरी शिकले असतील, आणि पोरांनी एवढ्या आग्रहाने बोलावल्यावर न जाणं बरं दिसत नाही. मी उठलो आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. माकडटोपीसकट.

मादाम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘मस्यो ल काँत.’ काँत म्हणजे सरदार, हे मला मागाहून कळलं. मी नमस्कार केला आणि त्यांनीही केला. त्या बरंच काही बोलल्या. वाक्य संपलं असं वाटलं तिथे मी ‘हं’ म्हटलं. त्यावर त्या आणखी खूश. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि सानिका, जिच्या तोंडून शाळेने जानेवारीपर्यंत शब्द ऐकला नव्हता, ती इतकी हसत सुटली की टेबलावरचे वाटाणे खाली. ‘आजोबा, यू वर ग्रँड,’ म्हणाली. (इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ठीक आहे, चालतं, एवढंच. पण तिने जरा वरच्या सुरात म्हटलं.)

भार्गवी खोलीतून धावत आली, तिला वाटलं मी पडलो. सगळं ऐकल्यावर म्हणाली, ‘बाबा, तुम्ही सरदार नाही आहात हे त्यांना सांगायला हवं.’ सारंग म्हणाला, ‘आधी मार्क येऊ देत.’

अजून एक भाग बाकी आहे, पुढच्या गुरुवारी. निकाल दोन्ही मिळून. सानिका तयारीला लागली आहे आणि आज भात सरळ खाल्ला. गिरीशरावांना नमस्कार. उन्हाळा सुरू होतोय, पाणी उकळून पीत जा, हे सांगायची मला सवय आहे म्हणून सांगतो.

तुझा,
भाऊजी

ता. क. एक लिहायचं राहिलं. दुसऱ्या भागासाठी मादामने काल शेवटी एक प्रश्न दिला. आजोबा समोर असताना आजी अहो म्हणायची, हे कळलं. आजोबा समोर नसताना ती त्यांना काय म्हणायची? सानिकाने माझ्याकडे पाहिलं. मी समोर नसताना काय म्हणायची हे मला कसं माहीत असणार, मी नसायचो. मी आलो की फोन ठेवताना ‘हे आले गं’ म्हणायची, पण तेव्हा मी आलेला असायचो, म्हणजे ते धरता येत नाही. भार्गवीला विचारलं, ती म्हणाली, माझ्याशी बोलताना ‘तुझे बाबा’. तेही खरं नव्हे. रोज दुपारी तुम्हा दोघी बहिणींचे लांबलचक फोन चालायचे. त्यात माझा उल्लेख कधीतरी येत असेल. कोणत्या शब्दात यायचा, तेवढं गुरुवारच्या आत कळव. पोरीच्या सेक्शनचा प्रश्न आहे.

ता. क. २. सोमवार. फोटो काढायचा राहिला होता, दरम्यान मादामची ईमेल आली. सानिकाने शनिवारीच मला न सांगता त्यांना राहिलेलं ‘दो’ लिहून पाठवलं होतं, पाण्याच्या टाकीच्या चित्रासकट. मादाम म्हणतात की त्या पुष्कळ हसल्या. त्यांचे स्वतःचे आजोबा गुरांचं खाद्य विकायचे, आजी त्यांना वू म्हणायची आणि शेजारणीशी बोलताना ‘माझं गाढव’. म्हणून तो प्रश्न विचारला होता. सानिका पास आहे, सेक्शन पक्कं, दुसरा भाग ऐच्छिक. घरात गोड काहीतरी करायचं ठरतंय.

ता. क. ३. तेव्हा आता घाई नाही. पण कळव. गाढव असलं तरी चालेल. भार्गवीच्या फोनवर नको, माझ्या फोनवर, आणि लिहू नकोस, बोलून पाठव, तिच्या सुरात जमलं तर. तुमचे आवाज सारखेच आहेत.

सगळे समुद्रावर गेले आहेत. उद्या कचऱ्याची गाडी येते. हिरवा डबा बाहेर ठेवून येतो.