शाळेच्या शेड आणि बारीक दोरी

२१ एप्रिल, सोमवार

शाळेतली सहावी शेड (खांबांवर ताणलेलं सावलीचं कापड) आज झाली. चौदातल्या आठ राहिल्या. जुन्या नायलॉन दोऱ्या काढून सगळीकडे स्टीलची वायर रोप, वर क्लॅम्प. कापड ढोलासारखं ताणलेलं. खाली उभं राहून वर बघितलं की बरं वाटतं. के.जी.ची मुलं तिथेच घसरगुंडी खेळतात. त्यांच्या डोक्यावरची सावली मी बांधली, असं आज दिवसभर मनात येत होतं.

इब्राहिमचाचा (यापुढे इ.चा., नाव फार लांब आहे) दिवसभर गप्प. फोरमन म्हणून तीस वर्षं आखातात काढली आहेत, त्यामुळे बोलले काय नि न बोलले काय, काम होतंच. सहावीचा शेवटचा क्लॅम्प आवळून झाल्यावर फक्त म्हणाले, "झाली बाय तुझी शेड." तुझी.

त्यांनी पूर्वी बांधलेल्या जुन्या शेडमध्ये तीन बाजूंना जाड दोरी आणि वाऱ्याकडच्या बाजूला बारीक, जवळजवळ सुतळीच. मी पहिल्या आठवड्यातच पकडलं होतं. दोरी वाचवायची ही काय पद्धत. कुणालाही बोल न लावता साधी नोट काढली, "चारही बाजूंना वायर रोप", खाली माझी सही. इ.चां.नी ती दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

माझं प्रोबेशन १५ मेला संपतं. नादिरसाहेब (आमचे मॅनेजर, सीरियाचे) म्हणाले, "इन्शाल्ला, प्रॉब्लेम नाही."

२४ एप्रिल, गुरुवार

अब्बांचा फोन. जेटीवर बसून सगळ्यांना सांगतात म्हणे, पोरगी तिकडे अमिरातीत रुवैसला सावल्या बांधते. मी म्हटलं, अब्बा, स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणा. म्हणाले, "ते म्हटलं तर कुणाला कळत नाही. सावली सगळ्यांना कळते."

मी इथे मामूंकडे राहते. आज मामींनी तिसऱ्या (शिंपल्या) केल्या होत्या. अबू धाबीहून मामू आणतात, इथे चांगल्या मिळत नाहीत. झोयाला (मामेबहीण, दुसरीत, तिच्याच शाळेत माझं काम) विचारलं, खाणार का? "No thanks, they look at me." तिसऱ्यांना डोळे नसतात हे मी मराठीत समजावलं. तिने इंग्रजीत मान्य केलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

हवामानाचा इशारा. सोमवारी गडगडाट, गारा, जोराचा वारा. शाळा ऑनलाइन राहणार. मामू रिफायनरीत क्रेन चालवतात, त्यांच्याकडे बूम (लांब दांडा) खाली घेण्याची ऑर्डर आली. मामी बाल्कनीतल्या मिरच्या आत घेतायत.

मी शांत आहे. सहा तरी पक्क्या आहेत. उरलेल्या आठची काळजी वाटते, बारीक दोरीवाल्या. उद्या रविवार, लेबरला सुट्टी, आता काही करता येणार नाही. इ.चां.ना फोन करून विचारलं, जुन्या टिकतील का? म्हणाले, "जुन्यांची काळजी नको करू." पुढे काहीतरी बोलायचं होतं त्यांना असं वाटलं. मग "चल, खुदा हाफिज" म्हणाले.

२८ एप्रिल, सोमवार

दुपारी दीडला दिवे लावावे लागले. आकाश आधी पिवळं, मग शेवाळाच्या रंगाचं. मग गारा. झोया खिडकीशी मोजत होती, चाळीसनंतर सोडलं. एवढ्या मोठ्या की खालच्या गाड्यांचे अलार्म एकामागून एक वाजू लागले. विजा थांबतच नव्हत्या. आमच्याकडे कोकणात वीज पडते, इथे ती आडवी धावते.

मामू घरीच होते. त्यांनी आम्हाला मधल्या पॅसेजमध्ये बसवलं, काचांपासून लांब. स्वतः मात्र दाराच्या फटीतून बघत होते. "सोंड उतरली," म्हणाले. मीही बघितलं. ढगातून खरंच सोंडेसारखं काहीतरी खाली आलेलं, करड्या रंगाचं, खालच्या टोकाला वाळू फिरत होती. शाळेच्या बाजूला. चार-पाच मिनिटं असेल. मामी कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत होत्या. मी मनात शेड मोजत होते, एक ते सहा.

सगळे सुखरूप. लाइट आहे. खाली पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी.

२९ एप्रिल, मंगळवार

लिहायला हात उचलत नाहीये, पण लिहिते.

जुन्या आठ शेड: बारीक दोरी तुटलेली. कापड तीन बाजूंनी अडकलेलं, झेंड्यासारखं लोंबतंय, काही ठिकाणी फाटलंय. आठही शेडचे खांब सरळ. एकही हललेला नाही.

माझ्या सहा: वायर रोप शाबूत. क्लॅम्प शाबूत. कापड तसंच ताणलेलं. आणि खांब बुडातून वाकलेले, बोल्ट काँक्रीटमधून उपटून आलेले. दोन शेड आख्ख्या आडव्या. एक घसरगुंडीवर. घसरगुंडीचे दोन तुकडे.

शाळा ऑनलाइन होती. एवढंच वाक्य मी सकाळपासून मनात म्हणतेय.

इ.चा. वाकलेल्या खांबापाशी उकिडवे बसले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. मग त्यांनी तुटकी बारीक दोरी उचलून माझ्या हातात दिली.

"ही तुटायलाच असते, बाय. वारा आत शिरला की कापडाचा फुगा होतो. एक बाजू सुटली की फुगा गेला, खांब वाचले. कापड दुसऱ्या दिवशी परत बांधायचं. गलबतावर शीड असंच बांधायचे."

मी: "मग मला सांगितलं का नाही?"

"तू डिग्रीवाली. म्हटलं हिशेब केला असशील."

मी केला नव्हता. म्हणजे कापडाचा केला होता, रोपचा केला होता. खांबाच्या पायाचा नाही. जे तुटणार नाही तेच बघितलं, मग तुटायचं ते कुठे जाईल ते बघितलं नाही. सेकंड इयरचा विषय. त्यात मला चांगले मार्क होते.

३० एप्रिल, बुधवार

नादिरसाहेबांनी रिपोर्टचा ड्राफ्ट दाखवला. कंपनीचा फॉर्म, त्यात एक चौकोन, "जबाबदार व्यक्ती". त्यात लिहिलंय: फोरमन इब्राहिम, फिटिंगमध्ये निष्काळजीपणा.

मी म्हटलं, सर, फिटिंग उत्तम होतं. एकही क्लॅम्प सुटलेला नाही.

"हबीबी, क्लायंटला डिझाइनची चूक सांगितली तर आपली सगळी ड्रॉइंग्ज मागवतील. फिटिंगची सांगितली की दोन ओळींत खलास."

"पण नोट माझी आहे."

"कुठली नोट? मी नाही बघितली."

इ.चा. साठीच्या पुढे आहेत. त्यांचा व्हिसा जूनमध्ये रिन्यू होतो, तेव्हा कंपनीने लिहून द्यावं लागतं की हा माणूस हवा आहे. असा रिपोर्ट असेल तर कोण लिहून देणार. श्रीवर्धनजवळ घराचा वरचा मजला अर्धा झालाय, धाकटीचं लग्न व्हायचंय, हे सगळं उरकून दोन वर्षांनी परत जाणार म्हणत होते. दोन वर्षांनी, जूनमध्ये नाही.

आणि माझं प्रोबेशन. पंधरा दिवस.

ऑफिसातून बाहेर येऊन पाणी प्यायले. पुन्हा आत जाऊन काही बोलले नाही. हेही लिहायला हवं.

१ मे, गुरुवार

मामूंना विचारलं. क्रेनवाला माणूस, वजनाचं त्यांना कळतं. म्हणाले, "तू तुझं नाव घातलंस तर तुला काढतील असं नाही. पण काढू शकतात. नाही घातलंस तर त्याला काढतीलच." मग मामींना म्हणाले, चहा दे हिला, हिने तोंड भिजलेल्या मांजरासारखं केलंय.

अब्बांना फोन केला. सगळं सांगितलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. जाळं विणणाऱ्या माणसाला बोल्ट उपटण्याचं काय समजावणार असं वाटलं होतं, पण त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं. "हां, जाळ्यालापण एक धागा तसा ठेवतात. खडकाला अडकलं तर तेवढं तुटावं." म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

मग मी म्हटलं, अब्बा, नोकरी गेली तर?

"सही तुझी आहे ना?"

"हो."

"मग विचारतेस काय?" आणि लगेच, "जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर रडले थोडी. मग दोन वाट्या भात खाल्ला.

२ मे, शुक्रवार

नोटची माझी कॉपी सापडली, लॅपटॉप बॅगच्या मागच्या कप्प्यात. स्वतःहून एक पानाचा रिपोर्ट लिहिला. काय बदललं, का बदललं, काय मोजलं नाही. "जबाबदार व्यक्ती"मध्ये माझं नाव. खाली: फोरमनने लेखी सूचनेप्रमाणे उत्तम काम केले. तीनदा वाचला. स्वतःला फार शहाणी ठरवणारं एक वाक्य होतं, ते खोडलं.

जुम्याच्या नमाजाआधी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. चष्मा काढला.

"तुला माहीत आहे ना तू काय करतेयस?"

"हो सर."

"तुला भीती वाटते?"

"हो सर."

"चांगलं आहे," म्हणाले. नक्की काय चांगलं ते कळलं नाही.

घरी आले तर हलकं वाटत होतं. झोयाबरोबर गच्चीवर गेले. गारांनी पत्र्याला पडलेले खड्डे तिने बोटाने तपासले. "It's like the moon," म्हणाली. मग कुणी ऐकत नाहीये बघून हळूच, "चांदोबा."

५ मे, सोमवार

आज कळलं ते असं. शनिवारी इ.चा. एकटेच ऑफिसात गेले होते. क्लार्ककडून एक कागद टाईप करून घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत सही. साहेबांनी मला बोलावून तो दाखवला.

त्यात लिहिलंय की वायर रोपने खांब जातील हे मला माहीत होतं, मी इंजिनियरला सांगितलं नाही, सबब जबाबदारी माझी.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "मला चौकोन एक आहे. तुम्ही लोक दोन नावं आणता. तिकडे कोकणात सगळे असेच असतात?" हसत नव्हते, पण रागावलेलेही नव्हते. दोन्ही ड्रॉवरमध्ये टाकले. "गुरुवारी क्लायंट येईल. बघू. यल्ला, शाळेत जा, मुलं उन्हात उभी आहेत."

साइटवर इ.चां.शी भांडले. असं का केलंत? तुमचा व्हिसा आहे.

"आणि तुझं काय?"

"माझी चूक आहे."

"माझीपण आहे. तीस वर्षांत इंजिनियरांना शिकवायला गेलो की ऐकून घ्यावं लागलं, म्हणून तोंड बंद ठेवायची सवय लागली. ती सवय त्या घसरगुंडीवर पडली. पोरं असती तर?"

मग ते म्हणाले, "चहा घे."

६ मे, मंगळवार

दोरी किती वजनाला तुटते ते मोजलं. क्रेनस्केल (टांगून वजन करायचा काटा) नाही, म्हणून उभ्या खांबाला दोरी बांधून खाली पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे भरलेले कॅन टांगले, एकेक करून. तीन जाडीच्या दोऱ्या, प्रत्येकीचे पाच तुकडे. लेबरचे सगळे जेवणाची सुट्टी सोडून बघत होते. पैजा लागल्या, कोल्ड्रिंकच्या. दर वेळी इ.चा. आधी आकडा सांगायचे आणि मग मी मोजायचे. पंधरापैकी अकरा वेळा बरोबर.

आता पायाचा हिशेब केला. या वेळी खालून वर. दोरी खांबाच्या पायाच्या खूप आधी तुटायला हवी. बारीक दोरीची जाडी ठरली: इ.चां.चीच जुनी, फक्त एक माप जाड. ड्रॉइंगवर ती बाजू लाल रंगाने दाखवली आणि लिहिलं, "ही बदलू नये". कारणही लिहिलं. पुढच्या डिग्रीवाल्यासाठी.

फार दिवसांनी कॉलेजमध्ये असल्यासारखं वाटलं. त्याहून बरं.

८ मे, गुरुवार

क्लायंटचा माणूस आला, इमिराती, तरुण, अगदी नीट बोलणारा. वाकलेले खांब बघितले, सरळ खांब बघितले, कॅनच्या टेस्टचा तक्ता मागून घेतला. साहेबांशी अर्धा तास आत होता. बाहेर येताना साहेबांच्या हातात एक पाकीट होतं, बंद. त्यात कुठला कागद, माझा की इ.चां.चा, की दोन्ही, की तिसराच, माहीत नाही. विचारलं तर म्हणाले, "पंधरा तारखेला कळेल. इन्शाल्ला."

इ.चां.नी विचारलंच नाही.

आम्ही दुपारी सातवी शेड बांधायला घेतली. तीन बाजू जाड, एक बारीक. माझी जुनी नोट साहेबांनी रद्द केली, नवी माझ्याच सहीने निघाली, खाली इ.चां.चीही सही, त्यांनी आधी नको म्हटलं, मग पेन मागितलं.

आता एक नवीनच त्रास सुरू झालाय. ते बोलतात. शिडी इथे नको. हा बोल्ट बघ. ड्रॉइंगमध्ये हा कोपरा चुकलाय. ऊन चढायच्या आत ते कापड वर घ्यायला हवं होतं. आज सात वेळा हरकत घेतली. मी प्रत्येक वहीत लिहिली. पाच बरोबर निघाल्या, एक चूक. सातवी कोपऱ्याच्या गाठीची, तिच्यावरून उद्या पुन्हा भांडायचं आहे.