धाकलीच्या नातवाची उंच गाडी

बा, तू जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझा चेहरा आता मला भुवईवरच्या ग्रीसच्या डागासकटच आठवतो. डाग पुसायला गेले की चेहराही पुसला जातो. आज तुझ्याशी बोलायचं कारण असं, की आपल्या धाकलीच्या, माझ्या पाठच्या बहिणीच्या, नातवानं गाडी घेतली आहे आणि मी जळून राहिले. माझी सून लिहिते आहे. 'जळून राहिले' म्हटल्यावर तिचा हात थांबला. "आत्याबाई, वाईट वाटलं असं लिहू का?" म्हणाली. म्हटलं, वाईट वाटायला माझं कोण मेलंय? जळते आहे, तर तसंच लिही. बाला माझा स्वभाव नवा न्हाई.

गाडी म्हणजे पिकप. मागं हौदा असलेली, हळदीची पोती वाहणारी. घेतली तेव्हा बरी होती, चारचौघींसारखी. पण पोरानं स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून तिला वर उचललं आणि खाली एवढाली चाकं बसवली, की टायर माझ्या कमरेच्या वर येतं. आता धाकली वसमतहून माझ्याकडं कुरुंद्याला येते ती या गाडीतून. नातू आधी उडी मारतो, हौद्यातून प्लास्टिकचं स्टूल काढतो, मातीत नीट बसवतो, मग बाईसाहेबांचा एक पाय बाहेर येतो. आमची गल्ली हातातलं काम टाकून बघते. पहिल्या दिवशी मी दारातूनच विचारलं, "काहून गं, अंबारी कुठं इसरलीस?" ती स्टुलावरूनच म्हणाली, "अक्का, तू बस की. गावाला एक चक्कर मारून आणते." मी म्हटलं, "मला गरगरतं उंचावर." खोटं बोलले. तुझ्या ट्रकच्या टपावर बसून मी भाकरी खाल्लेली आहे. मला कुठलं गरगरतंय?

पण बा, ती गाडी गेली ना, तेव्हा मी कान देऊन ऐकलं. गावाबाहेर ती लहानशी चढण आहे, बैलगाडीलाही चढण वाटत नाही अशी. तिथं इंजिनानं असा आवाज काढला, जसा दमेकरी म्हातारा माडी चढताना काढतो. टॉप गिअरमधून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात. रिकामी गाडी! मला त्याच घडीला कळलं. तू म्हणायचास, उंच चाक म्हणजे लांब टांगेचा माणूस. एका ढांगेत लांब जातो खरा, पण ढांग टाकायला कमरेत तेवढा जोर पाहिजे, आणि कमर तर जुनीच आहे. लोकांना वाटतं, चाक मोठं, फेऱ्या कमी, म्हणजे इंजिनाला आराम. आराम कसला? कमी फेऱ्यांत तेवढंच वजन ढकलायचं म्हणून ते कण्हतं, डायव्हर पाय दाबतो, गिअर पाडतो, आणि डिझेल जातं. वर त्या चाकांचं स्वतःचं वजन. दर वेळी थांबलं की तेवढं जड चाक पुन्हा फिरवायचं. शिवाय गाडी उंच झाली की सगळा वारा तिच्या छातीवर. हे सगळं मला कळलं आणि मी दारात उभी राहून गप्प बसले. नुसती गप्प नाही. मनात म्हटलं, पी बाई, आणखी पी.

तुला तो कापसाच्या गाठींचा ट्रक आठवतो का? वसमतच्या रस्त्याकडेला तुझं ते पत्र्याचं गॅरेज. मी घरून तुझी भाकरी घेऊन यायची आणि परत जायचं नाव घ्यायची नाही. आई ओरडायची, या पोरीच्या हाताला डिझेलचा वास येतो, हिनं मळलेलं पीठ कुत्रं खाणार नाही. तर तो ट्रक येतो. डायव्हर पान थुंकून सांगतो, मिस्त्री, मालकानं मोठी टायरं घातली अन् गाडी अॅव्हरेजच देईना. तू मागचं एक चाक जॅकवर उचलतोस, गिअर मोकळा करतोस, टायरावर खडूनं रेघ ओढतोस, इंजिनाकडून मागच्या चाकांकडं खालून जाणाऱ्या शाफ्टवर दुसरी रेघ, आणि मला म्हणतोस, "फिरव चाक. म्या खाली बघतो." मी नऊ-दहा वर्षांची असेन. खडूची रेघ पुन्हा जागेवर येईस्तोवर मी चाक रेटते. तू खाली पडून शाफ्टच्या फेऱ्या मोजतोस आणि आकडा न सांगता मला म्हणतोस, "आता तू खाली ये अन् तू मोज." मी मोजते. दोन फेऱ्या आणि वर थोडं. मी ओरडून सांगते, "दोन!" डायव्हर हसतो. तू माझ्या पाठीत एक ठेवून देतोस, बराबर चिंचेच्या फोकासारखी.

"येडे, दुसरं चाक कुठं हाय?"

"भुईवर."

"मंग? एक भुईवर बसलं की उचललेलं दुप्पट पळतंय. दोघांच्या वाटणीचं तेच एकटं फिरतंय. त्याच्या दोन फेऱ्या मोज, तवा चाकाची एक फेरी झाली म्हण."

दोन फेऱ्या मोजल्या. शाफ्ट पाचाच्या जवळ गेला. तू डायव्हरला म्हणालास, या टायरांना चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या सहा पाहिजेत. मागच्या एक्सलच्या पोटातली दातांची जोडी, ते क्राउन-पिनियन, बदल, नाहीतर जुनी टायरं घाल. माझी पाठ चुरचुरत होती, पण गोष्ट पक्की बसली. कागदावर काही नव्हतं म्हणूनच बसली असेल.

आणि तिथंच, बा, माझी जळण. कारण तेव्हा धाकली शाळेत होती. मी गॅरेजात बसलेली, ती पळणारी. सातवी झाली, मास्तरीण झाली, वसमतला घर बांधलं, चष्मा लावून पेपर वाचते. माझ्या वाटणीच्या फेऱ्याही तिनंच मारल्या. मी कुरुंद्याला येऊन आयुष्यभर हळद उकडली, आणि रेशनच्या दुकानात अंगठा दिला. सुनेला, लेकांना, शेजारणींना, ज्यानं ऐकलं त्याला मी सांगत आले, की आमच्या बानं धाकलीला शाळेत घातलं, मला न्हाई. असं सांगितलं की बायका च्च करतात. च्च केलेलं बरं लागतं.

तर गाडी डिझेल पीत राहिली. पोराचा जीव रडकुंडीला आला. त्याची सगळी फिरती त्या पिकपवर. आमच्याकडची हळद वसमतच्या मोंढ्यात विकायला नेतो, परतताना खत आणतो. एकानं पंप बघितला, एकानं नोझल बदलली, तिसरा म्हणाला इंजिन उतरवू. मला रोज खबर मिळायची आणि मी रोज हळहळ दाखवायची. तुझ्या पोरीला नाटक बरं जमतं. मग एका सकाळी धाकली आली, तीही एसटीनं. स्टूल नाही, नातू नाही, नुसती पिशवी. चुलीपाशी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "अक्का, पोरगं गाडी इकून राहिलं. पुण्याला कंपनीत जातो म्हणतंय. घरात मी अन् भिंती राहणार." मी चहा गाळत होते. ती म्हणाली, "नवा मिस्त्री म्हणून राहिला, कंपनीनंच क्राउन चुकीचा बसवलाय. त्यानं मोजलं. चार पाहिजे, अन् शाफ्ट दोनच फेऱ्या मारतो."

"कसं मोजलं?"

"एक चाक उचललं, फिरवलं, मोजलं."

बा, मला इतकं हसू आलं की चहा गाळणीबाहेर गेला. माझ्या पाठीवरचा तुझा पंजा जणू त्या मिस्त्रीच्या पाठीत बसला. धाकलीला वाटलं मी तिच्या दुःखाला हसते. ती उठली, पिशवी घेतली. आणि तेव्हा मला कळलं, की आता गप्प बसले तर पोर खरंच जाईल, आणि ते मी केलेलं असेल. जळणं वेगळं, कुणाचं घर रिकामं करणं वेगळं. मी म्हटलं, "बस खाली. पोराला फोन लाव. म्हणावं गाडी इकडं आण, अन् दोन जॅक आण."

दुपारी आमच्या अंगणात गाडी उभी राहिली. पुढच्या चाकांना दगड लावले, मागची दोन्ही चाकं उचलली, खाली लाकडी ठोकळे ठेवले. पोर म्हणालं, "मोठी आजी, तुमी सांगा फक्त, आमी करतो." मी म्हटलं, "तू खाली पड अन् शाफ्ट मोज. एका चाकाला मी, दुसऱ्याला तुझी आजी." धाकली पदर खोचून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाताला काळं लागलं. आम्ही दोघी एकदमच रेटायला लागलो, पण ती जोर लावून पुढं जायची. "हळू गं! शाळेची घंटा झाली का?" "तूच पेंगून राहिलीस, अक्का!" खडूच्या दोन्ही रेघा जागेवर आल्या. पोर खालून ओरडलं, "चार! चारावर हलकं एक बोट!"

क्राउन बराबर होता. चाकं जास्तीची होती. पोराला जुनी टायरं आणायला लावली, नव्याला टेकवून उभी केली. धाकलीनं पर्समधून पेन काढलं, दोरीनं टायरांचं माप घेतलं आणि वहीत गुणाकार-भागाकार केला. मला जे कानानं कळलं होतं ते तिच्या वहीत आकडा होऊन आलं: पाचाला जरा कमी. तेवढ्या फेऱ्यांची जोडी घाल, म्हणजे इंजिनाला जुना जोर परत येईल. मग मी पोराला दुसरं विचारलं, "अॅव्हरेज कशावर काढतोस?" म्हणाला, "मीटरवर." म्हटलं, "मीटर जुन्याच चाकाच्या हिशेबानं मोजतंय, लेकरा. खरे सहा किलोमीटर पळालास की ते पाचच दाखवतंय. थोडी चोरी चाकाची, थोडी मीटरची." पोर माझ्याकडं असं बघत राहिलं, जसं पूर्वी लोक तुझ्याकडं बघायचे. मला ते फार गोड लागलं. खरं तेही सांगितलं, की जोडी बदलली तरी पहिल्याइतकं येणार नाही; वजन अन् वारा कुणाच्या बापालाही बदलता येत नाही. मिरवायचं का माल न्यायचा, तू ठरव. पोर म्हणालं, "दोन्ही." कुणावर गेलंय ते तुला सांगायला नको.

जोडी बसली. आता ती चढण गाडी टॉपमध्येच घेते आणि पोर पुण्याचं नाव काढत नाही. मला घेऊन चक्कर मारायला ती दोघं आली तेव्हा मी स्टुलावरून चढले आणि खिडकीशी बसले; धाकलीला मधे बसवलं. हळदीचे ढीग, पिवळ्या झालेल्या बाया, सगळं वरून बघायला भारी वाटलं. परतताना धाकली आवाज खाली आणून म्हणाली, "अक्का, बानं तुला चाकाशी उभं केलं. मला शाळेच्या दारात सोडायचा अन् मागं वळून बघायचा न्हाई. मी खिडकीतून बघायची, तू त्याच्यासंगं गॅरेजकडं चाललेली. लय राग यायचा तुझा." बा, साठ वर्षं मी जळत होते, आणि ही बाई माझ्यावर! मला आधी बरं वाटलं. लपवत नाही, आधी बरंच वाटलं. मग घर येईस्तोवर मी बाहेरचे हळदीचे ढीग मोजत बसले.

कारण तिला जे माहीत नाही ते मला माहीत आहे. सूनबाई, आता लिही, आणि माझ्याकडं बघू नको. बा, तू आधी मलाच शाळेत नेलं होतंस. तेल लावून, वेणी घालून. चार दिवस मी गेले. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत पळून आले, तर धाकली माझ्या जागी, तुझ्या पान्यांच्या पेटीवर बसलेली, आणि तू तिला नट-बोल्ट ओळखायला शिकवत होतास. मी तिथं उभी राहिले आणि रडायला सुरुवात केली. तू विचारलंस काय झालं. मी म्हटलं, मास्तर मारतो. तू तसाच काळ्या हातांनी शाळेत गेलास, भल्या माणसाची सगळ्यांसमोर गचांडी धरलीस, आणि परत आलास ते म्हणत, माझी पोर आता तिथं जाणार न्हाई. दुसऱ्या वर्षी धाकलीला दुसऱ्या शाळेत घातलंस.

सून विचारते आहे, हे धाकल्या मावशींना वाचायला द्यायचं का. नको. घडी घालून डब्यात ठेव. तिला वाचता येतं, तीच तर पंचाईत आहे. तुझ्याकडं पाठवायची सोय नाही, आणि असती तरी बहुतेक मी नको म्हटलं असतं.

त्या मास्तरानं मला बोटही लावलं नव्हतं, बा.