जन्मला तो दिवस पहिला

नागोया
५ सप्टेंबर १९८६

ती. आईंना चिझुरुचा सा. न. वि. वि.

तुम्ही घरी मुरवून पाठवलेलं सोयाबीनचं मिसो पोहोचलं. डबा उघडला मात्र, शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, ताकायामाहून कोणी आलंय का म्हणून! बोटं दुखत असताना असली गाठोडी बांधत बसू नका असं मी दर वेळी लिहिते आणि दर वेळी डबा फस्त करते, तेव्हा माझं कोण ऐकणार.

ऑगस्टात ओबोनला, पितरांच्या सणाला, आले नाही म्हणून रागावला असाल. नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या उंदरीणबाईंची बाळंतपणं आली. सून घरापेक्षा उंदरांची जास्त झालीये, असं कुनिआकीने आपल्या आईच्या कानावर घातलंच असेल.

मी दिवसभर करते तरी काय, असं तुम्ही विचारलं होतं. तुमच्या बोटांवरूनच सांगते. आपल्या रक्तात शिपाई पेशी असतात. बाहेरून रोग आला की त्या तुटून पडतात. त्यातल्या काही मात्र घरच्यांवरच उलटतात. तुमचे सांधे सुजतात ते त्यांच्यामुळे. मग सगळ्यांचेच का सुजत नाहीत? माझं म्हणणं असं की आणखी एका जातीच्या पेशी असतात, आणि आपल्याच माणसावर उठलेला हात धरायचा, एवढंच त्यांचं काम. छातीत थायमस नावाची ग्रंथी असते, तिथून या हात धरणाऱ्या पेशी जन्मानंतर जरा उशिरा बाहेर पडतात. पिल्लाची ती ग्रंथी तिसऱ्या दिवशी काढली, तर शिपाई तेवढे बाहेर आलेले असतात आणि त्यांना आवरणारं कोणी नसतं. मोठं झाल्यावर असं पिल्लू स्वतःच्याच शरीराकडून मार खातं. त्याला निरोगी उंदराच्या पेशी दिल्या की वाचतं. दोन वर्षं मी हेच बघते आहे.

पण असल्या पेशींचा पूर्वी फार गाजावाजा झाला आणि तो फुसका निघाला, त्यामुळे आता नाव काढलं तरी लोक हसतात. दुसऱ्या कोणाच्या हातून तेच घडायला हवं, म्हणून कुनिआकीने आमच्याच प्रयोगशाळेत आपणहून माझा प्रयोग करून बघितला. त्याचे उंदीर मात्र ठणठणीत! ग्रंथी तिसऱ्या दिवशीच काढतो म्हणतो. कुठे बिनसतंय ते कळत नाही. ओबोनहून आल्यापासून तो विषयच काढत नाही.

पुढच्या महिन्यात तोक्योला परिषद आहे. ती पार पडली तर माझा लेख छापून येईल आणि आमचे प्रमुख प्राध्यापक उसामी मला कायम करतील. नाही तर बाटल्या धुवायला मोकळी. देवळात जाल तेव्हा माझ्या नावानेही टाळ्या वाजवा.

तुमचा लोभ तुमच्या मिसोसारखा मुरत राहावा, ही विनंती.

आपली,
चिझुरु


ताकायामा
१४ सप्टेंबर १९८६

चि. चिझुरुस हात्सुएचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मला फार अपमान वाटला. या शरीराला मी एवढी वर्षं खाऊ घातलं, ओढ्याच्या पाण्याने न्हाऊ घातलं, आणि ते माझ्यावरच उलटलं! ती हात धरणारी पेशी सापडली की पहिली माझ्याकडे पाठव. तिला राहायला खोली देते.

कुनी गप्प आहे याची काळजी करू नकोस. त्याचे वडीलही तसेच. लहानपणी काही फोडलं की तो असाच बसायचा, नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. आता मोठा झालाय, सांगेल आपणहून. मिसो पानावर भाजून त्यात थोडा कांदा घाल आणि पुढ्यात ठेव. पोटात गेलं की तोंड उघडतं.

देवळात गेले होते. तुझ्यासाठी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की बोटं दुखली. आता तू यशस्वी झालीच पाहिजेस.

लोभ आहे, तो दोघांत सारखा वाटून घ्या.

तुझी,
आई


तोयामा
२४ ऑक्टोबर १९८६

ती. आईंना सा. न. वि. वि.

वरचा पत्ता बघून दचकू नका. मी दादाकडे आले आहे. परत कधी जाईन ते माहीत नाही.

परिषदेला आम्ही एकाच गाडीने गेलो. मी पहाटे उठून भाताचे गोळे बांधले होते, आत त्याला आवडतं ते आंबट प्लम घालून. त्याने ते खाल्ले. वाटेत फुजी दिसला तर मला हलवून जागं केलं, म्हणाला, बघ बघ, तुझं नशीब चांगलं आहे आज. मी सांगते ते एवढ्यासाठी, की तेव्हाही त्याच्या बॅगेत त्या चित्रफिती होत्या.

माझं बोलून झालं आणि तो उभा राहिला. अध्यक्षांची परवानगी मागितली आणि पडद्यावर आपले ठणठणीत उंदीर दाखवले. म्हणाला की आमच्याच प्रयोगशाळेत, त्याच दिवशी ग्रंथी काढून, हे घडत नाही. मग थोडं हसून म्हणाला, माझी बायको हल्ली फार थकते, उंदरांवर तिचा जीव जडलाय, तिला जे बघायचं असतं ते दिसतं. सभागृहात हशा पिकला. उसामी सर बुटांकडे बघत बसले. संध्याकाळी त्यांनी माझा लेख मागे घेतला. या सोमवारी कुनिआकी सहायक प्राध्यापक झाला आणि माझे पिंजरे दुसऱ्याला दिले.

रात्री त्याने मला समजावलं. अगं, मी नसतं सांगितलं तर दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, मग दोघांनाही घरी बसावं लागलं असतं. एकाची तरी खुर्ची राहिली की नाही? आई, त्याचे उंदीर आजारी पडले नाहीत हे खरं असेल. माझंच चुकलंही असेल. पण आमच्या घरात जेवायचं टेबल एकच आहे. त्याला तिथे सांगता आलं असतं.

मी फसले, त्याने फसवलं. तुमच्याखेरीज कोणाला लिहू ते कळेना, आणि तुम्ही तर त्याच्या आई.

माझ्यावरचा लोभ त्याच्यावरून मोजू नका.

आपली,
चिझुरु


ताकायामा
२ नोव्हेंबर १९८६

चि. चिझुरुस अनेक आशीर्वाद.

काय लिहू? कुनीला फोन केला. तुला नाही कळायचं आई, म्हणाला, आणि गडबडीत आहे सांगून ठेवून दिला. मी त्याला जन्म दिला तेव्हाही मला काही कळत नव्हतं, तरी आला ना बाहेर! तू परत जा असं मी म्हणणार नाही. तुझ्या दादाकडे भात नीट शिजतो ना, एवढं कळव.

तुला दुसरं काहीतरी सांगते, जरा मन रमेल. शेजारच्या ओदागिरींकडे नातू झाला. काल त्याची सातवी रात्र, नाव ठेवायचं होतं. त्यावरून सासूसुनेची जुंपली. पोरगा रात्री उशिरा जन्मला, म्हणून सून म्हणे दुसऱ्या दिवसापासून मोजा. दवाखान्यात तसंच मोजतात. सासू मला ओढत घेऊन गेली. मी सांगितलं, आपल्याकडे जन्मला तो दिवस पहिला, मग मध्यरात्रीला घटकाभर का उरेना. शकुनाचा लाल भात झकास झाला होता.

गंमत म्हणजे कुनीने ओबोनला मला हेच विचारलं होतं. मी तांदूळ धूत होते. आई, सातवी रात्र धरताना जन्मदिवस मोजतात ना गं? मी म्हटलं, अरे शहाण्या, तुझंही नाव तसंच ठेवलं, आपल्या घरात कोणी कधी दुसरं मोजलंय का? तो एकदम उठला आणि नदीवर जाऊन बसला. जेवलाही नाही. मी वेडी, मला वाटलं तुमच्याकडे काही गोड बातमी आहे! माळ्यावरून त्याची लाल झबली काढून उन्हात घातली होती. आता ती परत बांधून ठेवली.

तुझ्यावरचा लोभ मी कोणावरूनही मोजत नाही.

तुझी,
आई


तोयामा
६ नोव्हेंबर १९८६

ती. आईंना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला.

आई, मी जन्मदिवस शून्य धरते. मला तसं शिकवलं होतं. माझ्या तिसऱ्या दिवशी पिल्लू पुरतं तीन दिवसांचं असतं. कुनिआकीने तुमच्या घरचं मोजलं. पिल्लं रात्री जन्मतात. ती रात्र त्याने पहिला दिवस धरली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथी काढली, म्हणजे पिल्लू जेमतेम दीड दिवसाचं. इतक्या लवकर काढली तर उलटणारे शिपाईही बाहेर पडलेले नसतात. उंदीर आजारी पडणार कसे? आम्ही दोघं तिसरा दिवस, तिसरा दिवस म्हणत एका घरात राहिलो, आणि कुठला तिसरा हे कोणी कोणाला विचारलं नाही.

या चुकीचा मला राग नाही. ती तुमच्या घरातल्या कोणीही केली असती. पण ती त्याला ऑगस्टमध्येच कळली. त्याने तुम्हाला विचारून खात्री करून घेतली, मग परत आला, माझ्या हातचे भाताचे गोळे खाल्ले आणि सभेत उभा राहिला. माझं बरोबर होतं हे त्याला माहीत होतं. माझा प्रयोग खोटा आहे असं सरांना तो आधीच सांगून बसला असावा आणि खुर्ची कबूल झाली असावी. पोरासोरासारखं मोजलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मी सरांना लिहिलं. नवऱ्यावर चिडलेली बाई म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. या महिन्यात संस्थेत प्रयोगात मेलेल्या उंदरांची स्मृतिसभा असते, फुलं वाहायला घरच्यांनाही बोलावतात. तुम्ही सरांना तांदूळ धुतानाची ती गोष्ट सांगाल का? आईला मुलाविरुद्ध बोलायला लावते आहे, हे मला कळतं. पण दुसरं कोणाला ठाऊकच नाही.

सोबत घटस्फोटाचा कागद आहे. कुनिआकीने सहीच्या जागी नावाचा शिक्का मारून पाठवला, वर चार ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. दोन साक्षीदार लागतात. एक दादा. लग्नाच्या कागदावर तुमचा शिक्का होता, म्हणून हाही तुमच्याकडे पाठवते. जमलं नाही तर तसाच परत करा, मी समजेन.

काहीही झालं तरी माझा लोभ तिकडेच राहील.

आपली,
चिझुरु


ताकायामा
२५ नोव्हेंबर १९८६

चि. चिझुरुस अनेक आशीर्वाद.

मी जाऊन आले. काळा किमोनो घातला, गाठ बांधायला ओदागिरीण आली होती. कुणाचं दहावं आहे असं विचारलं. उंदरांचं आहे म्हटल्यावर तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

उंदरांपुढे वाचायचे शब्द कुनीनेच वाचले. आवाज छान लागला होता. तुमचे जीव आम्ही वाया जाऊ देणार नाही, असं तो म्हणाला, आणि मला तुझे पिंजरे आठवले. आम्ही रांगेने पांढरी शेवंती वाहिली. मग मी उसामींना गाठलं आणि सगळं सांगितलं, तांदूळ, सातवी रात्र, नदी, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी कुनीला बोलावून हे खरं का, असं माझ्यादेखत विचारलं.

आणि कुनी हसला. तू लिहिलं होतंस ना, थोडं हसून म्हणाला म्हणून? मी ते हसू पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाला, सर, मनावर घेऊ नका, आई हल्ली फार थकते, सांध्यांच्या गोळ्यांनी तिचा घोळ होतो, जे तिला आठवावंसं वाटतं ते आठवतं. उसामी कमरेत वाकले आणि मातोश्रींना चहा द्या म्हणाले. चिझुरु, सगळे माझ्याकडे किती मायेने बघायला लागले म्हणून सांगू! तुझ्याकडेही असंच बघितलं असेल.

स्टेशनवर त्याने माझी पिशवी उचलली, जेवणाचा डबा घेऊन दिला, खिडकीची जागा बघून दिली. गाडी सुटताना म्हणाला, आई, तू माझी की तिची? डबा मी उघडलाच नाही.

घरी येऊन आधी शिक्का शोधला. बोटांनी धरता येईना म्हणून दोन्ही तळव्यांत पकडून दाबला. जरा वाकडा उमटलाय, पण नाव वाचता येतं. कागद सोबत आहे. लग्नाच्या कागदावर माझा शिक्का खोटा पडला, हा पडणार नाही.

तोयामाच्या औषधांच्या कॉलेजात तुला चार पिंजरे देतील म्हणून तुझ्या दादाने फोनवर सांगितलं. घे. जन्मला तो दिवस शून्य धर आणि सगळं पहिल्यापासून कर. आपल्याच माणसावर उठलेला हात धरायचा, एवढंच त्या पेशींचं काम असं तू लिहिलं होतंस. आईचंही तेवढंच काम असतं. मी धरायला गेले तेव्हा फार उशीर झाला होता, त्याने तो माझ्यावरच उचलला.

मिसोचा डबा वेगळा पाठवला आहे, या वेळी एकटीपुरता. आता मी तुझी सासू नाही, तेव्हा लोभ ठेव असं म्हणायचा मला हक्क नाही. डबा परत पाठवू नकोस, म्हणजे झालं.

तुझी,
हात्सुए