मला काय, एक खाट मावली की झालं

चि. बारकीस थोरलीचे भरभरून आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे आणि डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस की नाही, ते खरं खरं कळव. इकडे सगळे खुशाल. फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर फोनवर तू दर वाक्याला "बरं, ठेवू का?" म्हणतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. (येतं, पण मला दिसत नाही.)

बातमी अशी की घर वाढवायचं ठरलंय. मागच्या अंगणात तीन बेडरूम निघणार, एक मुलगा-सुनेची, एक नातीची आणि एक माझी. सध्या मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर निजते आणि दूधवाल्यापासून मीटर बघायला येणाऱ्यापर्यंत सगळे मला घोरताना बघून जातात, हे तुला ठाऊक आहेच. तर इंजिनिअर आला. पोरगेलासाच, पण चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा, म्हणून मला आवडला. त्याने एकेकाला विचारलं, काय काय हवं. मुलाला पलंगाशेजारी वाचनाचा कोपरा हवा. (शेवटची परीक्षा झाल्यापासून त्याने काही वाचलं असेल तर ते फ्रिजचं माहितीपुस्तक.) नातीला आतून कडी हवी, आणि आमच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. सुनेला कपाट हवं, दोन्ही दारं पूर्ण उघडतील असं. मग तो माझ्याकडे वळला. आता चार माणसांत विचारल्यावर आपल्या वयाची बाई काय म्हणणार? मी म्हटलं, "मला काय, एक खाट मावली की झालं."

बारके, त्या पोराने ते खरं धरलं. पुढच्या आठवड्यात नकाशा आला, त्यात माझ्या खोलीत एक खाट मावली होती. दुसरं काहीही नाही. खाटेवरून पाय खाली टाकला की तो थेट दाराबाहेर. आणि मला तर मोठी खोली हवी होती. का, ते विचारू नकोस, माणसाला उतारवयात एखादी लहर असते. पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा? मग मी आडून आडून कारणं काढायला लागले. म्हटलं, माझं शिवणयंत्र कुठे ठेवू? सून म्हणाली, "आई, माझ्या खिडकीखाली ठेवू, तिथे उजेड चांगला येतो." म्हटलं, आणि माझी ट्रंक? मुलगा म्हणाला, खाटेखाली, त्यासाठी उंच पायांची खाट करू. म्हटलं, झोप आली नाही तर मला फेऱ्या मारायला लागतात. नात म्हणाली, "आजी, माझ्या खोलीत मार ना." बघ, कडीवाल्या खोलीत. इतकी गुणी माणसं घरात असली की आपलं काही चालत नाही. भांडकुदळ असती तर मी केव्हाच जिंकले असते.

शेवटी मी म्हटलं, कागदावरचं मला कळत नाही, जमिनीवर आखून दाखवा. गवंड्याने मैदानावर मारतात तशी पांढरी फक्की मारून अंगणात तिन्ही खोल्या आखल्या, दारांपुरती रेघ सोडली, आणि रविवारी सकाळी आम्ही सगळे आपापल्या खोलीत जाऊन उभे राहिलो. लगेच भांडणं सुरू. मुलगा सरळ चालत नातीकडे गेला तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही भिंतीतून आलात." तो बिचारा मागे फिरला, वळसा घालून दारापाशी आला आणि हवेत टकटक केली. तिने आत घेतलं नाही. तिकडे सुनेने नसलेल्या कपाटाचं दार उघडून बघितलं, ते नसलेल्या वाचनाच्या खुर्चीवर आपटलं, आणि त्यावरून दोघांत जे बोलणं झालं ते मात्र अगदी खरंखुरं होतं.

मग माझी खाट बाहेर आणली. मी म्हटलं, निजून बघते. उताणी निजले, ऊन डोळ्यांवर यायला लागलं म्हणून तोंडावर पदर घेतला. मुलगा टेप घेऊन मला डोक्यापासून पायापर्यंत मोजायला लागला. सून आणि नात दोन बाजूंना माना खाली घालून उभ्या. (रेघेवर पाय पडू नये म्हणून.) हे सगळं कुंपणापलीकडच्या कंपाउंडरांनी बघितलं. तेच ते, दवाखान्यातून निवृत्त झाले तरी येताजाता लोकांची नाडी बघतात. ते तसेच अनवाणी आले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "कधी?"

"गुरुवारी, काका," मुलगा टेपवरून नजर न काढता म्हणाला.

"गुरुवारी? तोवर इथेच ठेवणार?"

"काय करणार, त्याआधी गवंडी मोकळा नाही."

कंपाउंडरांनी खाटेकडे बघून हात जोडले. मग म्हणाले, "फार त्रास झाला का रे त्यांना?"

"छे, आईचा कधी कुणाला त्रास असतो का? एक खाट मावली की झालं, एवढंच म्हणाली."

कंपाउंडरांना हुंदका आवरेना. म्हणाले, "अशी माणसं आता होणार नाहीत." आता बारके, आपल्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोलत असेल तर मी आणखी थोडं पडून ऐकलं असतं, पण फक्की नाकात गेली आणि मला सणसणीत शिंक आली. कंपाउंडर उलट्या पावलांनी भिंतीबिंतीतून जात थेट नातीच्या खोलीत जाऊन बसले. (त्यांना ती काही बोलली नाही.) साखरपाणी दिलं तेव्हा कुठे त्यांच्या तोंडाला रंग आला, आणि मग त्यांनी आधी स्वतःची नाडी बघितली, नंतर माझी.

मुलाच्या मात्र ते मनाला लागलं. दुपारभर नुसता टेप ओढत आणि सोडत बसला. मग म्हणाला, "आई, तुझ्याकडे आम्ही नीट लक्षच दिलं नाही." मला वाटलं, जिंकलं. तर त्याने इंजिनिअरला फोन करून माझ्यासाठी स्वतंत्र बाथरूम काढायला लावली, आणि ती माझ्याच खोलीतून काढली. म्हणजे होती ती जागाही गेली.

मी तशीच अंगणात खाटेवर बसून राहिले. सून चहा घेऊन आली, शेजारी टेकली. तिने मला एकच प्रश्न विचारला. मी नुसती मान हलवली. ती उठली, आमच्या दोघींच्या खोल्यांमधली रेघ तिने चपलेने पुसून टाकली, आणि उरलेली फक्की मुठीत घेऊन तिच्या खोलीत चांगली तीन पावलं आत नवी रेघ मारली. मुलगा धावत आला, "अगं, माझा कोपरा गेला की." ती म्हणाली, "वाचणारा माणूस कुठेही बसून वाचतो." कपाटाचं एक दार आता पूर्ण उघडणार नाही, हे ती कुणालाच बोलली नाही. मला ते रेघ बघून कळलं.

बाकी विशेष काही नाही. तुझ्याकडे माझं काही मागणं नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. जपून राहा.

तुझी,
आता ऐसपैस खोलीची मालकीण,
थोरली

ता. क. सुनेचा प्रश्न लिहायचा राहिला. ती म्हणाली, "आई, मावशींची खाट खिडकीकडे लावायची ना?" तुला गरम फार होतं म्हणून मी हो म्हटलं. तू आता म्हणशील, माझं घर आहे, माझं सगळं व्यवस्थित चाललंय. भाऊजी गेल्यापासून तुझ्या फोनमागे दिवसभर टीव्ही ओरडत असतो आणि त्यात काय चाललंय ते विचारलं तर तुला सांगता येत नाही, इतकं व्यवस्थित चाललंय.

आणखी एक ता. क. मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी येणार हे आधी सांगितलं असतंस तर मी बाथरूम माझ्या बाजूने काढली असती." आता तो तशीच काढतोय. त्याची खोली इतकी लहान झालीय की इंजिनिअरने त्यालाच विचारलं, तुम्हाला एक खाट पुरेल ना?

शेवटचा ता. क. हे पत्र पोचेल तोवर पाया खणून झालेला असेल. सुताराला तुझ्या खाटेचं माप द्यायचंय. वयाने माणूस आखडतो, तेव्हा जुनी उंची सांगू नकोस. भिंतीला टेकून नीट मोज आणि कळव. यायचं नाही असं लिहिणार असलीस, तरी उंची कळवच.