सवत माझ्या नावावर

४ मार्च
आले एकदाची सासरी! बेचाळिसाव्या वर्षी लग्न म्हणजे वरातीमागून घोडं, पण घोडं पोचलं हे महत्त्वाचं. घर छान आहे. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, आणि कपाटात माझ्यासाठी चक्क तीन कप्पे रिकामे. ह्यांचा दातांचा दवाखाना आहे. हात हलका, बोलणं मऊ. आणि गॅरेजमध्ये गाडी आहे. साधीसुधी नव्हे! साठ वर्षांची, लांबलचक, उघड्या टपाची, सायीच्या रंगाची, आत लाल कातडी सीटा. ह्यांनी अशा कौतुकानं ओळख करून दिली की मी म्हटलं, ही तर माझी सवत! हे पोट धरून हसले. मीही हसले.

९ मार्च
हसणं जिरलं. सकाळी उठून हे आधी तिच्याकडे जातात, मग चहाकडे, मग माझ्याकडे. काल मी केसांचा रंग बदलला, ह्यांना पत्ता नाही. तिच्या दारावरचा नखाएवढा ओरखडा मात्र लांबून दिसला. जळतेय मी, लिहूनच टाकते. एका गाडीवर! कुणाला कळलं तर शोभा व्हायची.

१५ मार्च
तिचे जुने मिस्त्री आले होते. चहा घेता घेता त्यांनी तिची सगळी कुंडली मांडली. ह्यांच्या आधी चार मालक. पहिला जादूगार, मग एक गाणारी बाई, मग शर्यतीच्या घोड्यांचा शौकीन, मग एक कारखानदारीण. सगळ्यांनी विकली का, मी विचारलं. म्हणाले, एकट्या माणसाला एवढी गाडी काय करायची? चौघांचेही जोडीदार तिच्यापायीच गेले. गाणाऱ्या बाईचा नवरा उतारावर चिरडला. ब्रेक आदल्याच दिवशी मिस्त्रींनी स्वतः तपासलेले. मालकाच्या मात्र केसालाही कधी धक्का नाही.
मी कप खाली ठेवला. इथे मालक हे. जोडीदार मी.

२१ मार्च
मी ह्यांच्या बाजूच्या सीटवर बसले होते. दुमडलेला टप आपोआप उलगडून खाली आला, थेट मानेवर. ह्यांनी ओढून काढलं म्हणून वाचले. आणि मग ह्यांनी आधी टप तपासला, नंतर माझी मान.

२६ मार्च
रुसले, रडले, चार दिवस अबोला धरला. शेवटी गाडी माझ्या नावावर झाली! आता मालक मी; बघू काय करते ती. हे म्हणाले, बायका नवऱ्याला मालक म्हणतात, आमच्याकडे उलटंच. किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

३० मार्च
आज मी चालवली. काय सांगू! मनात यायचा अवकाश, वळते. हे बाजूला बसले होते. वळणावर त्यांचं दार दोनदा उघडलं. बिचारे पांढरेफटक पडले. मी हसले.
का हसले मी?
अगं बाई — मालक बदलला, म्हणजे जोडीदारही बदलला. हे कसं नाही सुचलं मला —

२ एप्रिल
विकून टाकू, हे म्हणतात. बरोबरच आहे. हो म्हणायला तोंड उघडलं आणि — दुसरं कुणी बसणार तिच्यात? दुसरं कुणी? मी ‘नाही’ म्हणाले. ओरडूनच.

३ एप्रिल
हे तिला पुसत होते. गुणगुणत. बोनेटवर सगळा तळवा ठेवून. विचारायचं तरी मला. माझी आहे ती. अंगाचा नुसता तिळपापड —

५ एप्रिल, दुपार
हे डिकीत शिरून काहीतरी शोधत होते. झाकण पडलं. मी हात लावला नाही. शपथ.
आतून बुक्क्या मारताहेत. हाका मारताहेत, मला.
किल्ली माझ्या मुठीत आहे. उघडायलाच आले होते. जरा टेकले, पुढच्या सीटवर. किती ऊबदार आहे —
हाका आता हळू येतात.
माझे मालक आहेत ते. माझा नवरा. उठते. एवढी ओळ संपली की लगेच उघ